मदत हवी आहे: गच्चीबागेच्या गटासाठी होस्टेड फोरम कोणता घ्यावा?

गच्चीकर (सहकारनगर)

पुण्यातल्या गच्चीबागवाल्यांचा आमचा व्हॉट्सॲप गट १०२४ सभासदांवर येऊन भरला. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचा प्रश्न सारखा येतो आणि आधीचं चांगलं उत्तर कुणालाच सापडत नाही. म्हणून फोरम, म्हणजे विषयवार चर्चेची वेबसाइट, काढायचा आहे. सर्व्हर सांभाळणारं कुणी नाही, त्यामुळे होस्टेड सेवाच हवी, म्हणजे सर्व्हर कंपनीच सांभाळेल अशी. डिस्कोर्स या फोरम-सॉफ्टवेअरची सशुल्क योजना घ्यावी की जाहिराती दाखवणारी फुकट सेवा? मजकूर सगळा मराठी, फोटो भरपूर. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात क्यूआर कोड लावून नोंदणी करून घ्यायचा विचार आहे.

नारायणपेठी

सोयी नंतर पाहा, आधी ती सेवा सोडून बाहेर पडायचा मार्ग आहे का ते तपासा. चाचणी खातं उघडून पाच-सहा धागे (चर्चेचे विषय), दोन-चार फोटो टाका आणि लगेच बॅकअप उतरवून घ्या. फाईल उघडून बघा: सभासदांचे ईमेल आहेत का, मूळ फोटो आहेत का. फोटोंऐवजी नुसते दुवे असतील तर सेवा बंद पडली की फोटो गेले. ईमेल नसतील तर नव्या जागी जुनं लेखन ज्याचं त्याच्या खात्याला जोडता येत नाही. पासवर्ड नाही आले तरी चालतं, ईमेलवरून नवा लावता येतो. ज्या फुकट सेवेत हा बॅकअपच मिळत नाही, ती घेऊच नका.

डिस्कोर्स मुक्तस्रोत आहे, म्हणजे ते कुणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येतं. प्रशासकाला पूर्ण बॅकअप काढता येतो आणि तो दुसऱ्या होस्टकडे चढवता येतो. बॅकअपमध्ये फोटो धरायची सेटिंग चालू आहे ना, तेवढं बघा.

डोमेन (वेबसाइटचा पत्ता) स्वतःचंच घ्या. होस्टच्या नावाखालचा पत्ता वापरलात तर जागा बदलल्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरलेला प्रत्येक दुवा मरतो. स्वस्त योजनेत स्वतःचं डोमेन लावता येतं का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

अक्षरजुळारी

मराठी शोध चाचणीतच तपासा, कारण खरी गोची तिथे होते. शब्दाच्या सुरुवातीवरून शोधणाऱ्या यंत्रणेला 'कुंडी' दिलं तर 'कुंडीत' सापडतं, 'कुंड्यांत' नाही. 'गांडूळ' टाकलं तर 'गांडुळाचं खत' निसटतं, कारण ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. 'ॲझोला' तर दोन तऱ्हेने टाइप होतो: ॲ हे एकच अक्षर, किंवा अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. यावर उपाय टॅगचा, म्हणजे लेखाला लावायच्या विषयखुणांचा: कीड, खत, माती, झाडाचं नाव असे ठरावीक टॅग तुम्हीच बनवा आणि नवे टॅग बनवायचा हक्क संचालकांपुरता ठेवा.

डिस्कोर्समध्ये देवनागरी सभासदनाव चालण्यासाठी युनिकोड नावांची सेटिंग चालू करावी लागते. मूळ सेटिंगनुसार नव्या सभासदाला एका लेखात एकच चित्र टाकता येतं. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि अख्खं झाड असे तीन फोटो पाहिल्याशिवाय रोग ओळखता येत नाही, म्हणून ती मर्यादा पहिल्या दिवशीच वाढवा.

जागेचा हिशोब: रोज ४ एमबीचे २० फोटो म्हणजे वर्षाला सुमारे २९ जीबी. चढवतानाच आकुंचन करून फोटो अर्ध्या एमबीवर आणले तर साडेतीन-पावणेचार जीबीत भागतं.

गच्चीकर

आकुंचन आणि टॅगचं लिहून घेतलं. प्रदर्शनातल्या नोंदणीचं काय? आणि डॉलरमधलं बिल कसं भरायचं?

नारायणपेठी

स्टॉलवर एकच वायफाय असेल तर सगळ्यांचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) एकच दिसतो. डिस्कोर्स मूळ सेटिंगनुसार एका आयपीवरून तीनच नवी खाती होऊ देतं, चौथ्याला नकार. मोबाइल डेटावरही अनेकांचा पत्ता सामाईक असू शकतो. त्या दिवसांपुरती ही मर्यादा वाढवा आणि प्रदर्शन उरकलं की परत खाली आणा, नाहीतर स्पॅमवाले घुसतील.

बिलासाठी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा. आपोआप कपात १५,००० रुपयांच्या वर गेली की दर वेळी ओटीपी लागतो. तो चुकला की पैसे जात नाहीत, म्हणून कार्ड ज्यांचं, त्यांना बिलाची तारीख माहीत हवी.

फोरमची ईमेल-पत्रं स्वतःच्या डोमेनवरून जाणार असतील तर होस्टने दिलेल्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (पत्र खरंच तुमच्याच डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, घाला. त्याशिवाय खातं पक्कं करण्याचं पत्र स्पॅममध्ये जातं आणि माणूस पुन्हा येत नाही. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी जीमेल, याहू आणि रेडिफमेल अशा तिन्ही पत्त्यांवरून नोंदणी करून बघा.