प्रपोजल लिहून देणाऱ्याला टक्केवारी द्यावी का?

पेट्रीडिश:
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. अँटिबायोटिकला दाद न देणारे मुठा नि पुढे मुळा-मुठेच्या पाण्यातले जिवाणू हा माझा विषय. विठ्ठलवाडी, संगम पूल, मुंढवा इथले नमुने दोन पावसाळे स्वतः आणलेत, स्कूटीवर पायाशी थर्माकोलचा डबा ठेवून. गेल्या वर्षी संशोधनाच्या अनुदानासाठीचं प्रपोजल परत आलं. शेरा: उद्दिष्टं विखुरलेली.

कुणीतरी एक कन्सल्टंट सुचवला म्हणून शनिवारी जाऊन आले. ४० हजार आगाऊ, मंजूर झालं की रकमेच्या ५ टक्के. "मॅडम, तुम्ही फक्त टायटल द्या, बाकी आमच्यावर सोडा." नमुना म्हणून लॅपटॉप माझ्याकडे वळवला, तर कुठल्याशा प्राध्यापकांचं अख्खं प्रपोजल, नावगावासकट, न छापलेल्या आलेखांसकट! उद्या माझं असंच कुणाला दाखवणार. पण खरं सांगू? ते इंग्रजी वाचून हेवा वाटला. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमातली, माझं इंग्रजी बेतास बात.

मुदतीला ५ आठवडे आहेत. काय करू?

चष्मेवाला:
५ टक्के आणणार कुठून, बाई? मंजुरी हेडनिहाय, म्हणजे खर्चाच्या सदरांनुसार येते: मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स, प्रवास, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड. पैसे कुठे खर्च झाले ते सांगणाऱ्या युटिलायझेशन सर्टिफिकेटवर तुमची नि संस्थाप्रमुखांची सही लागते, त्यात कमिशन कुठेच बसत नाही. ३० लाख मिळाले तर दीड लाख तुमच्या पगारातून जाणार.

निवृत्तीआधी असे गठ्ठे पुष्कळ वाचलेत. मी तरी सारांश वाचून थेट उद्दिष्टांवर जायचो. 'टू स्टडी'नं सुरू होणारी सहा उद्दिष्टं दिसली की पेन्सिल खाली ठेवायचो. तुमची किती आहेत?

आणि एक शंका. विठ्ठलवाडीला नदी शहरात आलेलीच असते. शहराच्या वरचा, खडकवासला धरणाच्या लगेच खालचा नमुना कुठाय? तो नसेल तर जिवाणू शहरामुळे वाढले असं कशाच्या जोरावर म्हणणार? हे कन्सल्टंट सांगेल असं वाटत नाही.

बाणेरकर:
मी अशाच एका कन्सल्टंटला पैसे मोजलेत, म्हणून लिहितो. मसुदा गुळगुळीत होता. रात्री अकराला बजेट उघडलं तर जेआरएफला (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाला) महिना ३१ हजार! १ जानेवारी २०२३ पासून दर ३७ आहे, तिसऱ्या वर्षी तोच एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ झाला की ४२. त्यानं तिथेही जुनेच ३५ ठेवले होते. तीन वर्षांत २ लाख २८ हजारांची तूट, एचआरए (घरभाडे भत्ता) वेगळाच. वर पहिल्या पानावर 'सर्ब', संशोधनाला पैसे देणारं जुनं सरकारी मंडळ. अहो, २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, सर्ब त्यात विलीन झालं! कुणाचं तरी जुनं प्रपोजल धुऊन मला विकलं होतं. पैसे परत? नाव काढू नका.

लेखणीबाई:
हेच काम करते, तेव्हा थोडी बाजू मांडते. सगळे तसे नसतात. मी तासावर पैसे घेते, टक्केवारी नाही. फाइल हातात घेण्याआधी गोपनीयतेच्या कागदावर सही करते. लिहून मात्र देत नाही. वाचते, समासात प्रश्न लिहिते, परत पाठवते. तुमच्याच हातून तीन-चार फेऱ्या होतात.

ताई, इंग्रजीचं मनावर घेऊ नका. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून घरातल्या कुणाला तरी प्रकल्प मराठीत सांगा. जिथे अडखळाल तिथे प्रपोजलही अडखळतंय. नंतर इंग्रजी बेतानं लिहा, छोटी वाक्यं चालतात.

पेट्रीडिश:
सगळ्यांचे आभार. चष्मेवाला सर, सहाच होती, सहाही 'टू स्टडी'!

काल सासूबाईंना मराठीत सांगितलं. मध्येच म्हणाल्या, "म्हणजे औषध लागू पडेनासं होतं ते नदीमुळे का?" मी पाच मिनिटं बोलत राहिले आणि ऐकताना कळलं, की माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, फक्त नदीत काय आहे याचं आहे. आता उद्दिष्टं तीन. रविवारी सकाळी सातला धरणाखाली जाऊन पहिला नमुना आणला, कणीस-भजीवाल्यांच्या गर्दीआधी.

कन्सल्टंटला 'नको' म्हणून कळवलंय. लेखणीबाई, तुमचा तासाचा दर व्यक्तिगत निरोपात कळवाल का? आणि बाणेरकर, एचआरए पुण्याला एक्स वर्गाचाच, म्हणजे मोठ्या शहरांचाच धरायचा ना?