मदत हवी आहे: व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी दिवसा डोळे मिटून तळाशी बसते आहे, पोट फुगलंय

केतकी_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑन या झाडावर राहणाऱ्या सरड्याची मादी आहे, वय साधारण नऊ महिने. एकटीच असते, नराशी कधीच गाठ पडलेली नाही. आज सकाळचं वजन ११८ ग्रॅम. जमेल तेवढी माहिती एकदमच देते, म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

लक्षणं: गेल्या आठवड्यात पिंजऱ्याच्या तळाशी सारख्या फेऱ्या, जाळीवर चढउतर. कुंडीतली माती उकरली आणि तशीच सोडून दिली. परवापासून मंदावली. काल भर दुपारी दिवे चालू असताना खालच्या फांदीवर डोळे मिटून होती, आज थेट तळाशी. बोटावर घेतली तर पकड सैल लागते. खाणं पूर्ण बंद. पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय, बाजूने पाहिलं तर कातडीखाली गाठीगाठी दिसतात. शेवटच्या शीमधला जो भाग पांढरा असायला हवा तो पिवळट-नारिंगी होता. तोंड मिटलेलं आहे, श्वासाला आवाज नाही, पाय वाकलेले नाहीत, जबडा हाताला घट्ट लागतो.

व्यवस्था: जाळीचा पिंजरा, २ × २ × ४ फूट. दिव्याखालच्या फांदीवर ८८ फॅरनहाइट. यूव्हीबीसाठी (उन्हातल्या अतिनील किरणांसाठी) टी-५ एचओ ५.० नळी, वर्षभरापूर्वीची. खाणं रोज आठ-दहा झुरळं (डुबिया) किंवा क्रिकेट (रातकिडे), वर साधी कॅल्शियम पावडर, डी-३ नसलेली. मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून एकदा. फवारणी दिवसातून तीनदा एकेक मिनिट. घरात हीटर चालू असल्यामुळे आर्द्रता २५-३० टक्क्यांच्या वर जात नाही. अंडी घालायला वाळूचा डबा नाही, फक्त कुंड्या.

हे अंड्यांमुळे असेल का? आमची नेहमीची व्हेट कुत्री-मांजरंच बघते. आज शनिवार. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का? घरी काय करता येईल?

---

शंखपुष्पी

केतकी, सोमवारपर्यंत थांबू नका. आजच न्या.

शॅमेलिऑन दुखणं लपवतो. झाडावर अशक्त दिसलेला प्राणी पक्ष्याच्या तोंडी जातो, म्हणून अंगात ताकद असेपर्यंत तो वरच्या फांदीवर नेहमीसारखाच बसलेला दिसतो. दिवे चालू असताना डोळे मिटणं, फांदी सोडून तळाशी येणं, पकड सैल होणं या तीनपैकी एक जरी दिसलं तरी व्हेटला फोन करायचा. तुमच्याकडे तिन्ही आहेत.

अंड्यांबद्दल: हो, बहुतेक तेच. व्हेल्डच्या माद्या नराशिवायही अंडी धरतात, चार-सहा महिन्यांच्या झाल्या की कधीही. ती अंडी फळत नाहीत, पण घालावी तर लागतातच. अंडी घालायच्या आधी खाणं कमी होणं, तळाशी फेऱ्या मारणं, इथेतिथे उकरून पाहणं हे सगळं नैसर्गिक आहे. अशी मादी तरतरीत असते, डोळे टक्क उघडे, दिवसभर अस्वस्थ. काळजीचं वळण पुढे येतं: उकरणं थांबतं आणि ती गळून बसते, पोट मात्र तसंच. तुम्ही लिहिलेला क्रम हाच आहे. तिने जागा शोधली, मिळाली नाही, आता शक्ती संपत आली आहे. अंडी अडकल्याची ही लक्षणं आहेत.

शीमधला नारिंगी भाग म्हणजे शरीरात पाणी कमी. निरोगी प्राण्यात तो खडूसारखा पांढरा असतो, फार तर टोकाला जरासा पिवळा. डोळ्यांचे बुरूज आत गेलेत का तेही पाहून ठेवा.

व्हेट शोधायला सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या व्हेट लोकांच्या संघटनेची, म्हणजे एआरएव्हीची, यादी ऑनलाइन आहे. राज्य टाकलं की नावं येतात. शनिवारी कोणी भेटलं नाही तर चोवीस तास चालणाऱ्या इमर्जन्सी हॉस्पिटलला फोन लावा आणि ‘एग्झॉटिक (कुत्री-मांजरं सोडून वेगळे पाळीव प्राणी) बघता का’ एवढंच विचारून थांबू नका. नेमकं विचारा: आज ड्यूटीवर सरडे तपासणारं कोणी आहे का? एक्स-रे आज निघेल का? कॅल्शियमचं इंजेक्शन आणि सलाइन देता येईल का? ड्यूटीवरच्या डॉक्टरला अनुभव नसेल तर तो फोनवर तज्ज्ञाचा सल्ला घेईल का? या शेवटच्या प्रश्नाने बऱ्याचदा काम होतं.

---

पिंपळपान

शंखपुष्पीशी पूर्ण सहमत. नेण्याची तयारी लिहितो, कारण बाहेर थंडी आहे आणि प्रवासातच जास्त बिघडू शकतं.

तिच्या लांबीपेक्षा थोडा मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या, बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं पाडा. तळाशी टर्किश टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती पायांनी तिला धरता येते. आडवी फांदी नको, पकड सैल असेल तर पडेल आणि आत अंडं फुटेल. गाडी आधी गरम करून घ्या, ७५-८० फॅरनहाइट पुरे. गरम पाण्याची बाटली ठेवायचीच असेल तर खोक्याच्या बाहेरून, टॉवेलात गुंडाळून. खोका बंद राहू द्या, अंधारात ती शांत राहते.

सोबत शेवटची शी झिपच्या पिशवीत (ओली, फ्रिजमध्ये ठेवलेली, एक दिवसापेक्षा जुनी नको), सगळ्या पावडरींच्या डब्यांचे फोटो, पिंजऱ्याचा आणि दिव्यांचा फोटो, वजनाची नोंद. अपॉइंटमेंटला वेळ असेल तोवर पिंजऱ्यात कोमट पाण्याचा बारीक फवारा आठ-दहा मिनिटं चालू ठेवा. पानांवरचे थेंब चाटले तर उत्तम, नाही चाटले तर जबरदस्ती नको.

---

केतकी_न्यूजर्सी

खूप आभार. तासाभराच्या अंतरावर एक एग्झॉटिक व्हेट मिळाली, दुपारची वेळ दिलीये. तोवर कोमट पाण्याच्या टबात बसवू का? एका व्हिडिओत पाहिलं. आणि पातळ कॅल्शियमची बाटली घरात आहे, ती सिरिंजने पाजली तर?

---

रानजाई

दोन्ही नको.

टबात कासव किंवा बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा बसवतात. शॅमेलिऑन झाडावरचा प्राणी, पाण्यात ठेवला की घाबरून झटापट करतो, आणि अशक्त असेल तर मान पाण्यात जाऊन पाणी फुप्फुसात शिरू शकतं.

पातळ कॅल्शियमचं कारण वेगळं. सरड्याच्या जिभेच्या बुडाशी, अगदी पुढे, श्वासनलिकेचं भोक असतं. गळून पडलेल्या प्राण्याच्या तोंडात सिरिंजने काही सोडलं तर ते सरळ तिथे जाऊ शकतं. शिवाय आता रक्तात कॅल्शियम कमी आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही. व्हेट रक्त तपासून वजनाप्रमाणे इंजेक्शन देईल, त्याचा परिणाम कळण्यासारखा असतो. बाटलीतून अंदाजे पाजलेल्याचा हिशेब लागत नाही आणि पुढचा डोसही चुकतो.

पोट दाबून ‘किती अंडी आहेत’ ते पाहू नका. अंडं आत फुटलं तर बलक पोटात पसरतो आणि त्यातून होणारी सूज जीव घेते.

बरं वाटावं म्हणून दिवा जवळ आणू नका. तिला अंग हलवून दूर जाता आलं नाही तर पाठीची कातडी भाजते.

आणि हात धुणं. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. खोका, टॉवेल, फवाऱ्याची बाटली यातलं काहीच स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात लहान मूल असेल तर विशेष.

---

वासुदेव_व्हेट

या प्राण्यांवर उपचार करतो म्हणून तपासणीत काय होईल ते सांगतो. तिथे गेल्यावर गोंधळ कमी होईल.

पहिला प्रश्न: पोटात अंडी आहेत की फक्त बीजकोशातले बलकाचे गोळे? दोन्हीत पोट फुगतं, दोन्हीत मादी खात नाही. एक्स-रेमध्ये कवचाची अंडी लांबट, पोटाच्या मागच्या भागापर्यंत रांगेत दिसतात. गोळे गोल असतात आणि मधल्या भागात द्राक्षांसारखे एकत्र. सरड्याच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं, त्यात चुना कमी, म्हणून चित्र अस्पष्ट येऊ शकतं. मग सोनोग्राफी मागा. गोळेच अडून राहिले असतील तर वाळूचा डबा आणि ऑक्सिटोसिन (अंडनलिका आकुंचन पावावी म्हणून देतात ते औषध) दोन्ही निरुपयोगी, तिथे बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग.

अंडी असतील तर दुसरा प्रश्न: वाट मोकळी आहे का? एखादं अंडं फार मोठं, वेडंवाकडं किंवा दुसऱ्याला चिकटलेलं असेल, तर ऑक्सिटोसिनने अंडनलिका फाटू शकते. वाट मोकळी असेल तर आधी पाणी भरून काढायचं, अंग योग्य तापमानाला आणायचं, कॅल्शियम द्यायचं, आणि मगच ऑक्सिटोसिनचा विचार. कासवांत ते जेवढं चालतं तेवढं सरड्यांत चालत नाही, त्यामुळे त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

रक्तात आयनाइज्ड कॅल्शियम, फॉस्फरस आणि युरिक ॲसिड एवढं तरी बघायला सांगा. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर किडनीवर ताण आहे. वेदनाशामक आणि भूल ठरवताना ते लागतं.

तुमच्या माहितीतली एक जोडणी महत्त्वाची वाटते. वर्षभराची यूव्हीबी नळी डोळ्यांना पूर्वीइतकीच उजळ दिसते, पण तिचा यूव्हीबी बराच उतरलेला असू शकतो. त्यात वरची जाळी सुमारे एक तृतीयांश अडवते. यूव्हीबी कमी म्हणजे कातडीत डी-३ कमी तयार होतं, आणि डी-३ कमी असेल तर साधी कॅल्शियम पावडर पोटातून रक्तात पुरेशी शोषली जात नाही. अंडनलिकेचा स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियमच लागतं. जबडा घट्ट आहे म्हणजे हाडं अजून मऊ पडलेली नाहीत, पण रक्तातलं कॅल्शियम त्याआधीच घसरलेलं असू शकतं. व्हेटला नळीचं वय आवर्जून सांगा.

---

भवतालकर

अवांतर, पण महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. पाळणं गुन्हा आहे, आजारी दिसला म्हणून घरी आणून उपचार करणंही नको. रस्त्यावर जखमी सापडला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा, तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवा. पाणी-किडे भरवू नका. या धाग्यातले डोस आणि दिवे त्याला लावू नका.

---

केतकी_न्यूजर्सी

अपडेट: एक्स-रेमध्ये कवचाची अंडी आहेत, लांबट, वाट मोकळी दिसते. रक्तातलं कॅल्शियम कमी, युरिक ॲसिड थोडं जास्त. कातडीखाली कोमट सलाइन आणि कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. ऑक्सिटोसिन आज दिलं नाही. वाळूचा डबा लावून घरी ठेवा, उद्या संध्याकाळपर्यंत अंडी नाहीत किंवा आणखी मलूल झाली तर परत आणा, मग शस्त्रक्रिया, असं ठरलंय. डोळे आता उघडले आहेत. डबा नेमका कसा करू?

---

पिंपळपान

डोळे उघडले हे फार चांगलं झालं. आता डबा.

प्लास्टिकचा अपारदर्शक डबा, निदान १२ × १२ इंच आणि तेवढाच खोल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी धुतलेली प्ले सँड किमान आठ इंच भरा. पाणी थोडंथोडं घालत हाताने खालपासून कालवा, नुसतं वरून ओतलं तर तळाशी चिखल आणि वर भुसभुशीत होतं. मूठभर दाबली की लाडू टिकला पाहिजे, आणि पिळल्यावर थेंब पडता कामा नये. मग मनगटापर्यंत हात घालून तिरका बोगदा करून बघा. छत कोसळलं तर वाळू कोरडी आहे. बोगद्याच्या तळाशी पाणी साचलं तर जास्त ओली, ती मादी सोडून देते. बोगदा टिकला की तो बुजवा आणि कडेला अंगठ्याने एक खड्डा ठेवा, सुरुवातीला तिला तेवढं पुरतं.

न्यू जर्सीच्या थंडीत वाळू गार पडते. डबा फरशीवर न ठेवता जाड पुठ्ठ्यावर ठेवा, वाळूचं तापमान ७२-७५ च्या आसपास हवं. आत उतरायला एक जाड फांदी टेकवा.

पिंजऱ्याच्या तिन्ही बाजू चादरीने झाका. उकरत असताना माणूस दिसला तर ती अर्धा बोगदा सोडून वर येते आणि पुन्हा सुरुवात करायला तिच्यात आता ताकद नाही. बघायचंच असेल तर जुना फोन कॅमेरा म्हणून आत लावा. रात्री ती बोगद्यातच राहिली तर काढू नका, दिवे मात्र ठरलेल्या वेळेलाच बंद करा.

---

केतकी_न्यूजर्सी

रात्री बोगदा केला, आज दुपारपर्यंत २२ अंडी. मग वर आली, पाणी प्यायली, पण पोट अजून भरलेलं आणि पुन्हा तळाशी जाऊन बसली. बोगदा बुजवला नाही. परत नेलं. नव्या एक्स-रेत आठ अंडी शिल्लक, दोन एकमेकांना चिकटलेली. उद्या सकाळी शस्त्रक्रिया, बीजकोश आणि अंडनलिका दोन्ही काढणार आहेत. नंतर काय काळजी घ्यायची?

---

वासुदेव_व्हेट

निर्णय योग्य आहे. अंडी घालून झालेली मादी सहसा बोगदा बुजवते. न बुजवता बसून राहणं म्हणजे काम अर्धवट, हे तुम्ही बरोबर हेरलंत. बीजकोश काढले की हा त्रास पुन्हा होणार नाही.

भुलीतून पूर्ण बाहेर यायला सरड्यांना वेळ लागतो. फांदीवर नीट पकड येईपर्यंत घरी आणायची घाई नको. घरी आणल्यावर पहिले काही दिवस फांद्या खाली आणा आणि तळाशी टॉवेल अंथरा, पडली तरी टाका उसवू नये. वाळूचा डबा काढून टाका, वाळू जखमेत जाते. फवारणी चालू ठेवा पण पोटावर थेट मारू नका. टाके चार ते सहा आठवडे राहतात, सरपटणाऱ्यांची कातडी हळू भरते. माणसांसारखं दहा दिवसांत काढा असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

खाणं स्वतःहून सुरू होतंय का पाहा. रोज एकाच वेळी वजन घ्या. अंडी निघाल्यामुळे आकडा बराच खाली येईल, म्हणून शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं वजन हा आधार धरा; त्यापेक्षा दहा टक्के घटलं तर फोन करा. जखमेतून पाणी, कडा लाल किंवा दिवसा पुन्हा डोळे मिटणं, तरीही फोन.

यूव्हीबी नळी आजच बदला, शस्त्रक्रियेनंतर नको. बसण्याच्या फांदीवर यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांची तीव्रता) ३ च्या आसपास हवा. डी-३ असलेलं कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन किती व केव्हा, ते तिचे रक्ताचे आकडे पाहून तुमची व्हेट ठरवेल. भरपाई म्हणून स्वतः वाढवू नका; डी-३ आणि अ जीवनसत्त्व दोन्ही जास्त झाले की विषारी ठरतात.

---

रानजाई

केतकी, जखम भरल्यावर खाणं कमी करा. मोठ्या मादीला रोज आठ-दहा किडे जास्त होतात. एक दिवसाआड तीन-चार पुरतात. बीजकोश गेल्यावर चरबी लवकर चढते. दिव्याखालचं तापमान ८० वर आणा.

ज्यांच्याकडे शस्त्रक्रिया न झालेल्या माद्या आहेत त्यांनाही हेच माप. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडी जास्त धरतात. वाळूचा डबा चार महिन्यांची झाल्यापासून कायम पिंजऱ्यात असू द्या, दर आठवड्याला हात घालून ओल तपासा. फेऱ्या सुरू झाल्यावर डबा आणायला धावलं तर ती नव्या वस्तूला बुजते.

उद्या शस्त्रक्रिया झाली की इथे कळवा. आम्ही वाट बघतोय.