बोक्याच्या दाढेजवळची गाठ काढली तरी परत आली

प्रश्न:
बोका ११ महिन्यांचा. खालच्या जबड्यात डावीकडे, शेवटच्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला हिरडीवर वाटाण्याएवढी लालभडक गाठ आहे. एकदा कापून काढली, पाच आठवड्यांत तिथंच पुन्हा आली. तपासायला पाठवली नव्हती. खाताना मान तिरकी करतो, लाळेत कधीकधी रक्त दिसतं. कॅन्सर असेल का? स्टिरॉइड द्यावं का?

प्रतिसाद १:
या वयात आणि या जागी पहिला संशय कॅन्सरचा नाही. मांजरांच्या तोंडात जास्त आढळणारा कॅन्सर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, बहुधा म्हाताऱ्या मांजरांना होतो. इथं पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असावा: वरच्या मोठ्या उपदाढेचं टोक खालच्या हिरडीत टोचत राहतं आणि तिथं मांस वाढतं.

तोंड उघडू नका. मिटलेलं असतानाच ओठाचा कोपरा अंगठ्यानं वर सरकवा आणि टॉर्चनं बघा. टोक गाठीत रुतलेलं दिसलं, किंवा गाठीवर टोकाच्या मापाचा खळगा असला, तर गाठ परत का आली ते कळलंच. टोचणारा दात होता तिथंच राहिला!

प्रतिसाद २:
सहमत, पण यावेळी बायोप्सी (गाठीच्या तुकड्याची प्रयोगशाळेत तपासणी) झालीच पाहिजे. तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणारा द्रव), तुकड्याच्या दहापट द्रवात ठेवायचा, स्पिरिटमध्ये नको. त्याआधी स्टिरॉइड नको: सूज उतरते, अहवाल फसवा येऊ शकतो. त्याच भुलीत दातांचा एक्स-रे घ्या, हाड पोखरलंय का ते कळेल. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांच्या विषाणूंची रक्तचाचणीही करून घ्या.

प्रश्नकर्ता:
टोक रुतलेलं स्पष्ट दिसतंय. ती वरची दाढ काढावी की घासावी?

प्रतिसाद २:
टोक थोडंच आत येत असेल तर घासता येतं. पण मांजराच्या दातात नस टोकाच्या फार जवळ असते. जरा जास्त घासलं तर ती उघडी पडते आणि दात आतून सडतो. म्हणून घासल्यावर लगेच बाँडिंगचा (घासलेला भाग बंद करणारा) थर हवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. हिरडीत इतकं खोल रुतत असेल तर दाढ काढणंच बरं. तिला तीन मुळं असतात, त्यामुळे बरनं (दात कापायच्या ड्रिलच्या टोकानं) तुकडे करून एकेक मूळ सोडवावं लागतं. सरळ ओढली तर मूळ आत तुटतं. दाढ काढल्यावरचा एक्स-रे डॉक्टरांकडे मागा.

प्रतिसाद १:
दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कणभरही देऊ नका, मांजर दगावतं.