बालगृहात बदल करू पाहणाऱ्या अधीक्षकांना विश्वस्तांनी कसा आधार द्यावा?

प्रश्न: नव्या अधीक्षकांना १८ वर्षांच्या मुलांना नुसतं बाहेर काढणं थांबवायचंय. कर्मचारी मात्र जुन्याच पद्धतीवर अडून आहेत. आम्ही विश्वस्तांनी नेमकं काय करावं?

उत्तर १: आधी त्यांचा वेळ मोकळा करा. किराणा, बिलं, दुरुस्ती यांतच अधीक्षकांचा दिवस जातो. त्यासाठी अर्धवेळ लेखनिक द्या. मग प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना उघडा. बहुतेक ठिकाणी सगळ्यांच्या योजनेत एकच मजकूर उतरवलेला असतो. सुधारणा अडते ती इथेच. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६च्या आदर्श नियमांनुसार मूल बाहेर पडण्याच्या २ महिने आधी त्याची पुढची योजना बाल कल्याण समितीकडे (अशा मुलांच्या काळजीचे निर्णय घेणाऱ्या समितीकडे) जायला हवी. पण २ महिने फार कमी पडतात हो, सोळाव्या वर्षीच सुरुवात करा: आधार, बँक खातं, जातीचा दाखला, आणि पात्र असल्यास अनाथ प्रमाणपत्र. या प्रमाणपत्राशिवाय महाराष्ट्रात अनाथांसाठी २०१८ पासून असलेल्या १ टक्का आरक्षणाचा उपयोग शून्य.

उत्तर २: वरच्या उत्तरातल्या ताईंच्या म्हणण्याला जोड. अनुरक्षण, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरची मदत, २१ वर्षांपर्यंत मिळू शकतं; त्यासाठी केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' या बालसंरक्षण योजनेत दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. निधी उशिरा आला तर मुलाचं खोलीभाडं थकतं, म्हणून ३ महिन्यांचं भाडं संस्थेने राखून ठेवावं. आणि काळजीवाहकांना डावलून बैठका घेऊ नका; रात्रपाळीवाल्यांना मुलं जास्त कळतात.

उत्तर ३: तक्रार झाली की अधीक्षकांना एकटं पाडू नका. निर्णय व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे जबाबदारी सगळ्यांची राहील. मुलांच्या तक्रारीची चौकशी मात्र व्हायलाच हवी, ती दाबणं म्हणजे आधार नव्हे.