'तोलोका'ला श्रमदान म्हणावं का?

कीवमधल्या रहिवाशांच्या उपक्रमांवरचा एक लेख मराठीत आणतोय. दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. पहिला 'तोलोका', म्हणजे शेजारीपाजारी जमून एखादं मोठं काम झटक्यात उरकतात ते. दुसरा 'रेझिलियन्स', म्हणजे संकटातही टिकून राहणं. कोशातली 'लवचिकता' वाचली की रबराची चौकशी चालल्यासारखं वाटतं. सुचवा.

श्रमदान नकोच

सोव्हिएत काळात 'सुबोत्निक' होतं, श्रमदान म्हटलं की ते डोळ्यांपुढे येतं. एप्रिल १९१९मध्ये मॉस्कोच्या एका रेल्वे डेपोत कामगारांनी शनिवारी रात्री बिनपगारी इंजिनं दुरुस्त केली. लेनिनने कौतुक केलं, १ मे १९२०ला क्रेमलिनमध्ये स्वतः ओंडके वाहिले. पुढे ते नावापुरतंच ऐच्छिक उरलं. गेलं नाही तर साहेबाच्या डोळ्यावर येणार! तोलोका त्याहून जुना, खेड्यातला. मातीचं घर बांधायचं असो की पीक काढायचं, घरधनी गाव बोलावतो आणि काम झालं की जेवू घालतो. ही सरळसरळ इर्जिक.

सावड?

शहरात इर्जिक कोणाला कळणार? 'सावड' लिहा.

सावडीत हिशोब असतो

आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. २०२२च्या उन्हाळ्यात 'रिपेअर टुगेदर' या गटाच्या तरुणांनी युक्रेनच्या चेर्निहिव्ह भागातल्या, युद्धात पडलेल्या इमारतींचे ढिगारे डीजे लावून उपसले, त्यालाही तोलोकाच म्हटलं गेलं. त्यात कसली आलीय परतफेड? इर्जिकच ठेवा, कळत नसेल तर वाचक विचारतील.

तग

युक्रेनियनमध्ये रेझिलियन्सच्या जागी दोन शब्द दिसतात. 'स्तीयकिस्त' उभं राहण्यावरून (मूळ आपल्या 'स्था'चंच), आणि 'नेझ्लामनिस्त' म्हणजे न मोडणं. नोव्हेंबर २०२२पासून ऊब, वीज, चार्जिंग मिळावं म्हणून सरकारने केंद्रं उघडली, त्यांच्या नावात हा दुसरा शब्द आहे. घोषणेला झकास, पण लेख रहिवाशांचा असेल तर 'तग धरणं' म्हणा. त्या हिवाळ्यात युद्धामुळे वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. कीवच्या उंच इमारतींत लोकांनी लिफ्टमध्येच खोकी ठेवली: पाणी, बिस्किटं, बॅटरी, औषधं, कुठे कुठे बसायला स्टूलही. अडकलेला माणूस त्यावर तग धरतो. तिथे लवचिकता काय करणार?

जाता जाता

लेखात 'ओएसबीबी' येईल. १९९२च्या कायद्याने सरकारी फ्लॅट राहणाऱ्यांच्या नावावर होऊ लागले, पण जिना, गच्ची, लिफ्ट यांना कोणी वाली उरला नाही. म्हणून २००१च्या कायद्याने सहमालकांचे संघ आले, तेच हे ओएसबीबी. 'सहमालक संघटना' वगैरे नको, 'सोसायटी' लिहा. मेंटेनन्स न भरणारे तिथेही आहेतच.

आभार

इर्जिक, तग, सोसायटी, तिन्ही घेतले. आता संपादक 'तग धरण्याची क्षमता' करायला बघतील, ते मी करू देणार नाही.