शब्दचर्चा: चुनखडी, कळी, विरी गेलेला चुना

प्रश्न : आयर्लंडच्या खेड्यांतल्या चुनाभट्ट्यांवरचा मजकूर मराठीत आणतोय. मुळात कच्चा दगड, भाजलेला दगड आणि शेतात पसरलेली पूड यांना वेगवेगळे शब्द आहेत. माझ्या मसुद्यात तिन्हीकडे ‘चुना’च आलाय. शिवाय भट्टीला ‘आवा’ चालेल का?

उत्तर : आवा कुंभाराचा. ही टेकाडाच्या उतारात बांधलेली कायमची दगडी भट्टी, तेव्हा सरळ ‘चुनाभट्टी’. उतार एवढ्यासाठी, की गाडी वरच्या तोंडाशी नेऊन माल थेट आत ओतता येतो. मात्र ‘तोंड’ जपून वापरा, इथे ती दोन आहेत. खालच्या कमानीतून हवा शिरते आणि भाजलेला माल बाहेर ओढतात. तिला ‘काढायचं तोंड’ म्हणा.

तीन शब्द मात्र हवेतच. भट्टीत जाते ती चुनखडी, मुठीएवढी फोडलेली. तिचे आणि इंधनाचे थर आळीपाळीने देतात. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं इंधन. त्याचा थर जाड लागतो, दगडी कोळशाच्या चुऱ्याचा पातळ पुरतो. सुमारे ९०० अंश सेल्सियसला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते ती कळी, म्हणजे कळीचा चुना. शुद्ध चुनखडी १०० किलो घातली तर कळी ५६ किलोच. त्यामुळे ‘गाडीभर चुना भाजला’ असं लिहिलंत तर वजन आधीचं की नंतरचं, कळत नाही.

पुरवणी : पाणी घातल्यावरचा तो ‘विरी गेलेला चुना’. हिशेबाने ५६ किलो कळीला १८ किलो पाणी. प्रत्यक्षात जास्त घालावं लागतं, कारण बरंचसं वाफ होऊन जातं. आंबट जमिनीवर पसरायला आणि घरांच्या भिंती पांढऱ्या करायला हाच. वाटेत कळीवर पाऊस पडला तर ती तापून गाडीसुद्धा पेटू शकते. ‘चुना भिजला’ एवढ्याने वाचकाला हा धोका कळणार नाही.

प्रश्न : ‘कच्चा’ आणि ‘करपलेला’ चुना?

उत्तर : दोन्ही बरोबर. दगड मोठा राहिला की गाभा कच्चा राहतो आणि पाण्यात तसाच तळाशी बसतो. बारीक चुरा जास्त झाला तर हवा कोंडते, तिथेही कच्चाच. जास्त आचेने करपलेली कळी फार हळू विरते. गिलाव्यात गेली की नंतर फुगून पापुद्रे उडवते. ‘जळलेला चुना’ मात्र टाळा. काही जण तो नीट भाजलेल्यालाही म्हणतात.