मूळ गाणं आणि कव्हर शेजारी शेजारी ऐकवायचं तर बरोबरी कशी साधावी?

घोडबंदरचा_श्रोता

नमस्कार मंडळी. कासारवडवलीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी दीड तासाचा श्रवणाचा कार्यक्रम ठरतोय. सहा भावगीतं घ्यायची, प्रत्येकाचं मूळ ध्वनिमुद्रण आणि एक कव्हर, म्हणजे तेच गाणं दुसऱ्याने नव्याने गायलेलं. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर आहे, हॉलमध्ये दोन पावर्ड स्पीकर आहेत.

अडचण अशी की मूळ गाणं लावलं की ते बारीक, खरखरीत आणि लांबून आल्यासारखं वाटतं. लगेच कव्हर लावलं की भरदार. मग निम्मे लोक म्हणतात नवं छान, निम्मे म्हणतात जुनं ते जुनंच, आणि गायकीबद्दल कोणीच बोलत नाही. दोन मूळ गाण्यांचा षड्ज पेटीवर कुठेच बसत नाही, काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध पडतो. पातळी आणि सूर कसे सारखे करावेत? लोकांना नेमकं काय ऐकायला सांगावं? आणि हॉलमध्ये रेकॉर्डिंग वाजवायला परवानगी लागते का?

---

ऐरोली_ध्वनी

आधी आवाजाची पातळी, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. दोन आवृत्त्यांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी कान त्याला ‘मोठा आवाज’ म्हणत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणतो. आजची कव्हरं लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावून वर ढकललेली असतात. यूट्यूब मोठं गाणं खाली ओढतं, पण बारीक गाणं वर उचलत नाही, त्यामुळे तिथून थेट लावून तुलना करू नका. नाइलाजच असला तर निदान सेटिंगमधलं ‘स्टेबल व्हॉल्यूम’ बंद ठेवा.

दोन्ही फाइली ऑडॅसिटीत घ्या आणि ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ला −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) द्या. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. मूळ गाणं मोनो असतं, तेव्हा ‘ट्रीट मोनो अ‍ॅज ड्युअल मोनो’ची खूण राहू द्या. ती काढली तर मोनो फाइल दोन्ही स्पीकरमधून ३ डेसिबल जास्त वाजते आणि सगळी मेहनत वाया. दुसरं म्हणजे पूर्ण गाणं मोजू नका. कव्हरच्या सुरुवातीला तीस-चाळीस सेकंदांचा हळू पियानो असतो, त्याने सरासरी खाली येते आणि मग गळा वाजवीपेक्षा मोठा होतो. दोन्हीकडे मुखडा आणि पहिला अंतरा एवढंच कापून घ्या आणि तेवढंच नॉर्मलाइझ करा. जुन्या रेकॉर्डचे कटकट ठोके आधी ‘क्लिक रिमूव्हल’ने कमी करा, पण हलक्या हाताने. जास्त दाबलं तर तबल्याची चाटही ठोका समजून खाल्ली जाते. −२३ च्या वर जायचा मोह नको, उरलेल्या ठोक्यांची टोकं शून्याला लागून फुटतात. हॉलमध्ये आवाज कमी वाटला तर स्पीकरचा वाढवा.

आता सूर. पेटीवर न बसणारी मूळ गाणी बहुतेक वेळा चुकीच्या वेगाने उतरवलेली असतात. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड ८० ने फिरली तर वेग २.५६ टक्के वाढतो आणि सूर ४४ सेंट चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन, त्याचे शंभर सेंट). कॅसेट डेक ३ टक्के जोरात पळत असेल तर ५१ सेंट.

किती चुकलंय ते विजेच्या घुंईवरून काढता येतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिची घुंई जुन्या मुद्रणात पुष्कळदा उतरलेली असते. गाणं सुरू होण्याआधीचा मोकळा भाग निवडा, निदान दीड सेकंद, आणि ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ ६५५३६ च्या साइझवर उघडा. दीड सेकंद एवढ्यासाठी की ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये तेवढे नमुने भरायला १.४९ सेकंद लागतात. ५० जवळ दोन शिखरं दिसली तर बरोबर ५० चं शिखर रेकॉर्ड उतरवणाऱ्या यंत्राचं, आणि बाजूला सरकलेलं असतं ते मूळ स्टुडिओतलं. समजा ते ५१.२ वर आहे. मग १५० च्या जागी १५३.६ आहे का पाहा, तिथे फरक तिप्पट दिसतो म्हणून वाचायला सोपा. तसं असेल तर रेकॉर्ड २.४ टक्के जोरात उतरवली आहे. दुरुस्तीला ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये −२.३४ टाका. ‘चेंज पिच’ इथे वापरू नका, त्याने सूर उतरतो पण लय चढीच राहते.

घुंई मिळालीच नाही तर अंदाजाने ओढून पेटीला बसवू नका. त्या काळची पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली होतीच असं नाही.

आणि एका जोडीपुरता एक प्रयोग करा: कव्हर मोनो करा आणि ‘लो-पास फिल्टर’ ७००० हर्ट्झवर, २४ डेसिबल उताराने लावा. ७८ च्या रेकॉर्डवर त्याच्या फार वर ऐकण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. चकाकी गेली की दोन गळे समोरासमोर येतात.

---

नौपाडा_नादब्रह्म

ऐरोलीकरांचं पातळीचं आणि वेगाचं सगळं मान्य, शेवटचा प्रयोग मात्र खरंच एकदाच करा. कव्हर करणाऱ्याने श्वास, कुजबुज आणि तंबोऱ्याची जवारी माइकजवळ पकडायची ठरवलेली असते. तो त्याच्या मांडणीचा भाग आहे, तो कापून निकाल देणं अन्यायाचं होईल.

काय ऐकायचं, यावर माझं ठाम मत आहे: आधी शब्द, मग लय, मग हरकती. वाद्यमेळ सर्वांत शेवटी, कारण त्याच्याकडे लक्ष न सांगताच जातं.

शब्दांत पहिली परीक्षा च आणि ज ची. ‘तोच चंद्रमा नभात’ घ्या. शब्द शांता शेळके यांचे, चाल आणि गळा सुधीर फडके, म्हणजे बाबूजी यांचा. पहिल्या दोन शब्दांत दोन च लागोपाठ येतात, ‘तोच’मधला दंत्य आणि ‘चंद्रमा’तला तालव्य. बाबूजींकडे दोन्ही वेगळे ऐकू येतात आणि त्या फरकानेच ‘तोच’वर वजन पडतं. पुष्कळ कव्हरांत दोन्ही च एकाच साच्याचे होतात, मग ओळीचा अर्थ सपाट होतो: आकाशात चंद्र आहे, एवढंच. ‘या जन्मावर, या जगण्यावर’मध्ये तेच ज चं, ‘जन्म’ तालव्य आणि ‘जगणं’ दंत्य. पाडगांवकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल, अरुण दाते यांचा गळा. श्रोत्यांना फक्त हा मुखडा दोन्हीकडचा ऐकवा आणि विचारा, काय वेगळं ऐकलं? गाणं न शिकलेलेही बरोबर सांगतात, कारण भाषा त्यांची आहे.

लय घड्याळावर मोजा. केरव्याची दहा आवर्तनं म्हणजे ८० मात्रा. त्यांना ४० सेकंद लागले तर मिनिटाला १२०. मुखड्यापाशी एकदा मोजा, शेवटच्या अंतऱ्यापाशी पुन्हा. जुन्या मुद्रणात सगळे वादक एकत्र बसून वाजवत, क्लिक (हेडफोनमध्ये वाजणारी लयीची यांत्रिक टिकटिक) नसे, म्हणून लय शेवटाकडे किंचित चढते आणि समेच्या आधी गायक शब्द रेंगाळवतो तेव्हा तबलजी त्याच्यासाठी थांबतो. कव्हर क्लिकवर बांधलेलं असतं, दोन्ही आकडे सारखेच येतात. गायक तिथेही रेंगाळतो, पण ठेका थांबत नाही, म्हणून पुढचे शब्द घाईत उरकावे लागतात. कव्हर ‘कोरडं’ वाटतं त्याचं कारण बऱ्याचदा गळ्यात नसतं, या ठिकाणी असतं.

मींडेचं डोळ्यांनीही पाहता येतं. ऑडॅसिटीत ‘स्पेक्ट्रोग्राम’ लावा, विंडो ४०९६, वरची मर्यादा ३००० हर्ट्झ. गंधारावरून षड्जाला येणारी मींड गळ्यातून आली असेल तर रेषा घसरत येते. पिच करेक्शन (सॉफ्टवेअरने सूर जागेवर बसवणं) कडक लावलं असेल तर पायऱ्या दिसतात. जलद मुरकीतही पायऱ्यांचा भास होतो, म्हणून संथ जागाच तपासा. शिवाय करेक्शन कीबोर्डच्या स्वरांना लावलेलं असेल तर शुद्ध गंधार ४०० सेंटवर जाऊन बसतो. तंबोऱ्याशी जुळणारा गंधार ३८६ च्या आसपास असतो. हे १४ सेंट कानाला कळतात.

पुरुषाचं गाणं बाईने गायलं असेल तर पट्टी सारखी करायला जाऊ नका. काळी एकचं गाणं काळी चारवर गेलं म्हणजे सात सेमीटोनांचा फरक. तेवढं ओढलं तर गळा लहान मुलाचा होतो आणि डग्ग्याचा घुमारा मरतो. कराओके ट्रॅकवाल्यांनाही हेच: दोन, फार तर तीन सेमीटोन.

---

घोडबंदरचा_श्रोता

दोघांचे मनापासून आभार. च-ज ची चाचणी कार्यक्रमात नक्की घेतो. आणखी दोन शंका. एका कव्हरमध्ये मूळ गाण्यात नसलेलं कडवं आहे, ते घुसडलेलं समजायचं का? आणि गीतरामायणातलं एखादं गीत घेतलं तर मूळ कोणतं धरायचं?

---

नौपाडा_नादब्रह्म

कडव्याचं कवितासंग्रहात पाहा. दहा इंची ७८ च्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं बसत, त्यामुळे पाच कडव्यांच्या कवितेतली दोन-तीनच रेकॉर्डवर आली असं खूप झालं. कव्हरने उरलेलं कडवं कवीच्या छापील शब्दांत गायलं असेल तर ती जमेची बाजू आहे.

गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. आठवड्याला एक, अशी ५६ गीतं, वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायलेली. सीतेची गीतं माणिक वर्मांकडे होती, एक लता मंगेशकरांनी गायलं. आज घरोघरी वाजतं ते बाबूजींनी सगळी गीतं स्वतः गाऊन नंतर केलेलं ध्वनिमुद्रण. म्हणजे कित्येक गीतांत लोक ज्याला मूळ म्हणतात तेच दुसरं आहे. पण चाल त्यांचीच, म्हणून त्याला कव्हर म्हणणंही मला पटत नाही. जोडीच्या मथळ्यावर ‘मूळ’ न लिहिता ‘पहिलं प्रसारण’ आणि ‘संगीतकाराच्या आवाजात’ असं लिहा.

ठाण्यात कार्यक्रम आहे तर एक जोडी पी. सावळारामांची हवीच. शहराचे नगराध्यक्ष राहिलेले हे जनकवी. त्यांचं ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’, चाल वसंत प्रभूंची, गळा लताबाईंचा. कव्हर निवडताना एवढंच पाहा की गायिका ओळ संपवताना रडवेली होते की सूर शेवटपर्यंत धरते. लताबाई धरतात.

---

वाशी_सेक्टर१७

परवानगीचं सांगते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१) च्या ‘के’ खंडात निवासी संकुलातल्या रहिवाशांच्या सामायिक बंदिस्त हॉलमध्ये, त्यांच्याच सोयीचा भाग म्हणून रेकॉर्डिंग वाजवण्याला सूट आहे. नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या उपक्रमालाही आहे. तुमचा कार्यक्रम त्यात बसतो. तिकीट लावलंत, प्रायोजक घेतलात किंवा विष्णुदास भावे किंवा घाणेकर नाट्यगृहात नेलात तर प्रकरण बदलतं, तेव्हा शब्द-चालीसाठी आयपीआरएस आणि रेकॉर्डिंगसाठी पीपीएल (हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्था) किंवा ती रेकॉर्ड कंपनी, दोन्हीकडे विचारावं लागेल. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गीतरामायणाचे कवी गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत. त्यामुळे कार्यक्रमाचं चित्रण यूट्यूबवर चढवू नका.

मंडळातलं कोणी स्वतः कव्हर रेकॉर्ड करून विकायचं म्हणत असेल तर कलम ३१ सी पाहा, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी द्यायची, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा छायाचित्र चालत नाही, ‘कव्हर’ असं ठळक लिहावं लागतं.

---

ऐरोली_ध्वनी

क्रमाबद्दल राहिलं. आधी ऐकलेलं कानाला प्रमाण वाटतं, म्हणून निम्म्या जोड्यांत कव्हर आधी लावा. ४५ सेकंदांचे तुकडे घ्या, पहिलं, दुसरं, पुन्हा पहिलं, मध्ये दोन सेकंदांपेक्षा जास्त खंड नको आणि खंडात बोलणं नको. चर्चा झाल्यावर दोन्ही पूर्ण लावा. सहा जोड्या दीड तासात बसणार नाहीत, चार घ्या. घोडबंदरच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा आणि मूळ गाणं लागेल तेव्हा पंखे एकवर आणा. ७८ वरचे हळू शब्दान्त पंख्याच्या आवाजात सगळ्यात आधी बुडतात.